हॅलोजन आणजा, ताई

लग्नाचं बोलणं करायला माणसं आमच्या बालाघाटच्या दुकानात येतात, खुर्चीवर टेकतात, पाण्याचा पेला हातात घेतात आणि घोट घ्यायच्या आधी विचारतात, "ताई, कॅमेरा कोनता हाये तुमच्याकडे?" पूर्वी विचारायचे, "सगळे पाहुणे येतीन नं त्याच्यात?" आता पाहुण्यांची काळजी कुणाला राहिली नाही. पोरांनी मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ पाहिलेले असतात. कुठल्या कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा, कुठल्या लेन्सचा आकडा लहान, सगळं तोंडपाठ. माझी हयात लग्नं शूट करण्यात गेली. वडिलांचा स्टुडिओ होता, भावाला त्यात गोडी नव्हती, मला होती, एवढंच. तरी अजून दर लग्नात कुणीतरी माझ्या खांद्यामागे पाहून विचारतोच, "मेन कॅमेरामन कुठी राह्यले?" मी सांगते, येऊन राह्यले.

बाहेरच्या माणसासाठी आमचं गणित सोपं करून सांगते. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातली चौकोनी पाटी, लेन्समधून आलेला उजेड तिच्यावर पडतो. पावसात वळचणीखाली वाटी ठेवली तर थोडं पाणी साचतं, परात ठेवली तर जास्त. मोठा सेन्सर म्हणजे ही परात. लेन्सच्या आत एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं आणि त्याचा आकडा उलटा चालतो. एक पॉइंट चार म्हणजे भोक मोठं, उजेड भरपूर. दोन पॉइंट आठ म्हणजे त्याच्या फक्त चौथ्या हिश्श्याचा उजेड. उजेड कमी पडला की कॅमेरा आतून जोर लावतो आणि चित्रावर मुंग्या धावायला लागतात. म्हणून मोठा सेन्सर आणि मोठ्या भोकाची लेन्स असली की दिवेलागणीच्या मंडपातही चेहरे स्वच्छ येतात. इथवर सगळं गोड आहे. पण भोक मोठं केलं की फोकस कागदासारखा पातळ होतो. नवरीची नथ साफ, कानातले धुरकट आणि मागे उभा असलेला मामा म्हणजे नुसता रंगाचा गोळा.

अशाच एका मामावरून मी एकदा शिव्या खाल्ल्यात. आमच्याकडे नवरीला मंडपात मामा आणतो, तो त्याचा मान. लामता गावच्या एका लग्नात मी नवी एक पॉइंट चारची लेन्स मोठ्या हौसेनं वापरली. फिल्म घरच्यांना आवडली, पोरांनी स्टेटसला लावली, आणि चार दिवसांनी मामा बस पकडून दुकानात हजर. मोबाइल माझ्यापुढे आपटून म्हणाला, "सांगा, याच्यात म्या कोन हावो?" मी म्हटलं, भाऊ, याला सिनेमॅटिक म्हणतात, पाहणाऱ्याची नजर नवरीवर राहावी म्हणून मागचं धुरकट ठेवतात. तो म्हणाला, "भाचीले म्या आणलं मंडपात, आन मीच भुतावानी दिसून राह्यलो. माह्या घरचे काय म्हणतीन?" तो हलेचना. शेवटी त्याचा फेट्यातला फोटो गोल कापून त्या शॉटच्या कोपऱ्यात बसवला, वर दोन गुलाब टाकले, तेव्हा तो चहा प्यायला.

तरी मोठ्या सेन्सरचा कॅमेरा मी घेतला तो एकाच कारणासाठी, हॅलोजनपासून सुटका. ज्यानं हॅलोजनखाली लग्न केलं नाही त्याला ते दुःख कळायचं नाही. नवरीचा मेकअप वितळतो, नवरदेव डोळे बारीक करून रागावल्यासारखा दिसतो, किडे अक्षतांबरोबर डोक्यावर पडतात. आमचा लाइटवाला मनोहर माझ्याबरोबर अर्धं आयुष्य ते दिवे धरून उभा राहिला, त्याच्या उजव्या हाताला अजून त्या तापाचे डाग आहेत. नवा कॅमेरा आला त्या दिवशी मनोहरनं सगळे हॅलोजन पोत्यात बांधून माळ्यावर टाकले आणि नारळ फोडला. कॅमेऱ्यासमोर नाही, पोत्यासमोर.

अशा वेळी श्यामरावजी दुकानात आले.

किरनापूरहून लांजीकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांचं गाव. धानाची थोडी शेती, आणि पूर्वी त्या रस्त्यावर ते भाड्याची काळी-पिवळी जीप चालवायचे. ती त्यांनी मधेच विकून टाकली होती, लोक म्हणत बुढा आळशी झाला. मुलगी वैशालीचं लग्न ठरलं होतं, घरच्याच अंगणात, गोरज मुहूर्तावर. मी सवयीनं कॅमेऱ्याचं सांगायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"कॅमेरा कोनताई आणजा. पन हॅलोजन आणजा, ताई. दोन नोको, चार आणजा."

मी म्हटलं, आता हॅलोजनची गरज पडत नाही, दिव्यांच्या माळांवरही सुंदर येतं. ते मान हलवत राहिले. "हौ, तुमचं बरोबर हाये. पन हॅलोजन आणजा." मी पुन्हा समजावलं, त्यांनी पुन्हा तेच. दारातून बाहेर पडतानाही वळून तेच. मी मनोहरला म्हटलं, दगडावर पाणी.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो पंकजचा. हा नवरदेव नितेशचा चुलतभाऊ, नागपुरात नोकरीला. त्याचं म्हणणं अगदी उलटं. "आंटी, एक भी हॅलोजन नहीं लगेगा. एकदम नॅचरल लाइट पाहिजे. आणि तुमचा कॅमेरा लो लाइटमध्ये कितपत चालतो ते मला आधी पाहायचं आहे. माझ्या मित्राकडे नवा मॉडेल आहे, दोन्ही साइड बाय साइड टेस्ट करू." फिल्म नवऱ्या मुलाकडून होती, म्हणजे त्यांच्या खर्चानं, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. सुनेच्या हातच्या भाजीची चव घ्यावी तशी माझ्या कॅमेऱ्याची चव घ्यायला हा पोरगा मला बोलावून, मित्राचा कॅमेरा घेऊन एका दुपारी नवरीच्या घरी येऊन थडकला.

टेस्टसाठी त्यांची मधली खोली निवडली. आमच्याकडच्या जुन्या पद्धतीची, मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, खिडकी नाही. बाहेर उन्हानं डोळे दिपत होते आणि आत भरदुपारी दिवा लावावा असा काळोख. वैशालीला खाटेवर बसवलं. दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी उभे केले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वहीएवढा मॉनिटर लावला. पहिल्याच शॉटला पंकजच्या कॅमेऱ्यावर चित्र उजळ आणि माझ्यावर अंधारं. तो खूश. मी जवळ जाऊन पाहिलं तर यानं आपल्या कॅमेऱ्याला एक पॉइंट चारची लेन्स लावली होती आणि माझ्यावर झूम तशीच ठेवली होती, दोन पॉइंट आठची. चौपट उजेड घेऊन शर्यतीला उतरला होता. मी त्याच्या लेन्सचं भोकही दोन पॉइंट आठवर आणायला लावलं. मग त्याच्या नव्या कॅमेऱ्यावर अशा मुंग्या धावल्या की वैशालीच्या गालावर वारूळ आहे असं वाटावं. त्याच्या सेन्सरवर ठिपके जास्त पण एकेक ठिपका बारीक. दिवसा तो साडीचा धागान् धागा दाखवेल, अंधारात मात्र दमतो. माझा त्या मानानं जुना, ठिपके थोडे पण मोठे, काळोखात शांत राहतो. पंकज म्हणाला, "सेटिंग का इश्यू है." त्याच्या मते जगात सगळा सेटिंगचाच इश्यू आहे.

एवढ्यात श्यामरावजी उन्हातून आत आले आणि उंबऱ्याजवळ ठेवलेल्या पाण्याच्या गुंडाला, म्हणजे घागरीला, त्यांचा पाय लागला. गुंड गडगडला, खोलीभर पाणी.

"दिसत नाई का?" त्यांची बायको कांताबाई आतून म्हणाली, आणि म्हणता म्हणता एकदम गप्प झाली. नवऱ्यानं पाणी सांडलं म्हणून कुणी बायको अशी गप्प होत नाही. पंकज हसत होता.

श्यामरावजी भिंतीला हात लावत माझ्यापर्यंत आले. माझ्या मॉनिटरशी वाकले, नाक लागेल इतकं. बराच वेळ पाहत राहिले.

"हे वैशू हाये?"

"हौ."

"तुमी खोलीत लाइट लावला का?"

"नाही. आहे असंच आहे."

वैशाली त्यांच्यापुढे दोन हातांवर खाटेवर बसली होती. त्यांनी एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही. मॉनिटरकडेच पाहत म्हणाले, "लय साफ दिसते." वैशालीनं खाली पाहिलं. हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. आयुष्यभर माणसं कुठे पाहतात तेच तर पाहत आले आहे.

निघताना ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. उन्हात चालणं अगदी ठीक, पाय कुठे अडखळला नाही. झाडाशी थांबून म्हणाले, "समजलं नं तुमाले?"

मी हातातला ट्रायपॉड खाली ठेवला.

"सांज झाली का मले काई दिसत नाई, ताई. बाजूचंई नाई दिसत, नळीतून पाह्यल्यावानी समोरचंच दिसते. डॉक्टर म्हणे वाढत जाईन, दवा नाई. जीप त्याच्यासाठीच इकली. पावण्यायले सांगतलं तं म्हणतीन, बापाले हाये तं पोरीच्या पोटीई येईन. डॉक्टरई म्हणे, येऊ शकते. सोयरीक मोडन. मंडपात मले तिचे पाय धुवाचे हायेत. परात कुठी, पाय कुठी, लोकाइसमोर चाचपत बसू का? लग्न लागू द्या, मंग म्या सोता सांगीन."

मला त्यांची दया आली असं लिहायला हवं. खरं सांगते, आधी राग आला. लपवून ठेवलेलं सासरी नंतर कळलं तर त्या पोरीचं काय होईल, हा विचार केला होता का? ते म्हणाले, "रोज करतो." दुकानात परतल्या परतल्या मनोहरला म्हटलं, पोतं माळ्यावरून काढ.

लग्नाच्या दिवशी मी मंडपात चार खांबांना चार हॅलोजन बांधले आणि माझं नशीब पाहा, ज्या बाईनं ते टाळण्यासाठी कर्ज काढून कॅमेरा घेतला तीच ते लावण्यासाठी भांडत होती. पंकज लालबुंद. "आंटी, हे काय? आपली टेस्ट झाली होती. तुम्हीच प्रूव्ह केलं की तुमचा कॅमेरा अंधारात चालतो."

"चालतो."

"मग?"

"मला भरवसा नाही वाटत," मी म्हणाले. स्वतःच्या कॅमेऱ्याची अशी बदनामी मी आयुष्यात केली नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं ते घरात अडगळीला पडलेल्या वस्तूकडे पाहावं तसं. "इसीलिए बालाघाट आगे नहीं बढ़ता," असं काहीतरी पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या संध्याकाळी मी इतकं काही ऐकलं नाही असं दाखवलं की कान दुखायला लागले. तो मधूनच एक दिवा बंद करायचा, मनोहर तो परत लावायचा. वऱ्हाडातल्या बायका पदरानं वारा घेत म्हणत होत्या, "एवढा उजेड कायले लावला व माय, भट्टी हाये का काय?"

पाय धुणं मात्र नीट पार पडलं. पितळी परात लखलखत होती. श्यामरावजींनी वैशालीचे आणि नितेशचे पाय धुतले, टॉवेलनं पुसले, कुंकू लावलं. हात एकदाही चुकला नाही. कांताबाईनं मान वर करून त्या चारही दिव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या मॉनिटरवर सगळं पांढरंफटक, सपाट, कुठल्याही जुन्या कॅसेटसारखं. मी तेच शूट केलं.

मग लगेच पाठवणी, जेवणावळी आधीच उरकल्या होत्या. सूर्य बुडून गेला होता. चार हॅलोजन आणि वरातीचा डीजे एकाच जनरेटरवर. कुणीतरी सांगितलं होतं की डीजेचं जनरेटर वेगळं असेल. नव्हतं. डीजेवाल्यानं पहिला ठोका दिला आणि सगळं बंद पडलं. हॅलोजन, माळा, पंखे, सगळं. आभाळात थोडा राखेच्या रंगाचा उजेड तेवढा राहिला. लोकांना त्यात पुरेसं दिसत होतं, कुणाचं अडलं नाही. वैशाली सगळ्यांच्या पाया पडत बापाकडे येऊ लागली.

श्यामरावजी माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचा चेहरा वाट चुकलेल्या माणसासारखा झाला होता. ते डोळे ताणून भलतीकडेच पाहत होते. मनोहर समजदार, त्यानं रडणाऱ्या बापाला धरावं तसं त्यांच्या कोपराला धरलं. मी एक पॉइंट चारची लेन्स आधीच लावलेली होती. भोक पूर्ण उघडलं, कॅमेरा वैशालीवर धरला आणि मॉनिटर फिरवून त्यांच्या तोंडापुढे आणला. म्हटलं, "इथं पाहा."

त्यांनी पाहिलं. वैशालीचा चेहरा त्यात भरून होता, पापणीवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. ती त्यांच्यासमोर येऊन वाकली, उठली. ते मॉनिटरवरून नजर न हलवता हात पुढे करू लागले. हात चित्रात शिरला तसा त्यांना तो दिसला, त्यांनी तो थोडा डावीकडे नेला, मग वर, आणि तिच्या डोक्यावर ठेवला. आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसला अक्कल सुचली. त्याला तो जवळ आलेला हात जास्त महत्त्वाचा वाटला. चेहरा विरघळला आणि बोटं साफ झाली, नखांतली कुंकवाची लाली, अंगठ्यावरची चीर. मी दातओठ खाऊन रिंग फिरवली. चेहरा परत आला.

मागे नितेशची आत्या कुणाला तरी म्हणत होती, "पोरगी चालली आन बाप टीव्ही पाहून राह्यला. कसा मानूस हाये." हे वाक्य पुढे लांजीपर्यंत गेलं. श्यामरावजींनी ऐकलं. मी पण. दोघांनाही तोंड उघडता येत नव्हतं.

फिल्म दिल्यावर पंकजनं त्यांच्या घरच्या ग्रुपवर माझं श्राद्ध घातलं. हॅलोजनमुळे लग्न सरकारी कार्यक्रमासारखं दिसतं, बाप स्क्रीनकडे बघतो, आणि पाठवणीच्या सगळ्यात इमोशनल शॉटला फोकस आउट. शब्दन् शब्द खरा होता, हीच चीड. त्या बाजूची दोन लग्नं माझ्या हातून गेली. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. माणसाला आपलं चांगलं काम कुणी पाहिलं नाही तर सहन होतं, आपलं वाईट काम सगळ्यांनी पाहिलं आणि कारण सांगता येत नाही, हे सहन होत नाही.

काही दिवसांनी नितेश एकटाच दुकानात आला. मला वाटलं, आता हा उरलेलं बोलून जाणार. तो म्हणाला, "ताई, पंकज तो फोकसवाला शॉट काढाले सांगीन, तं काढू नका. तसाच राहू द्या."

"का?"

"मामाजीले, वैशालीच्या बाबाले, सांजेले दिसत नाई ते मले ठाव हाये. वैशालीनं साखरपुड्याच्या आधीच सांगतलं होतं. आमी दोघं नागपूरले डॉक्टरकडे जाऊनई आलो."

मी खुर्चीतून उठलेच. "अरे मग बोलायचं नाही का? त्या बिचाऱ्यानं जीव टांगणीला लावला होता. मी तुझ्या भावाच्या शिव्या खाल्ल्या."

"वैशाली म्हणे, बाबा आपल्यासाठी लपवून राह्यले, लपवू दे. त्याइले वाटलं पाहिजे का त्याइनं पोरीचं काम केलं." मग म्हणाला, "सॉरी, ताई."

म्हणजे बाप जावयापासून लपवत होता, जावई बापापासून लपवत होता, पोरगी दोघांना सांभाळत होती, आणि या सगळ्यांच्या मधे मी भर उन्हाळ्यात हॅलोजन बांधत होते. मी नितेशला चहा पाजला आणि मनातल्या मनात सगळ्या कुटुंबाला चार शब्द ऐकवले.

वैशालीला मुलगी झाली तेव्हा बारशाला श्यामरावजींनी सगळ्यांसमोर स्वतःच सांगून टाकलं. कुणी उठून गेलं नाही. आत्या तेवढी म्हणाली, "मले तं तवाच शंका आलती." हे सगळं मी त्यांना विचारून लिहिते आहे, नावं बदलली आहेत, लामत्याच्या त्या मामाचंही काही उघड केलेलं नाही.

मागच्या महिन्यात त्या रस्त्यानं जात होते म्हणून त्यांच्याकडे थांबले. ते मधल्या खोलीत टीव्हीपुढे बसले होते, स्टूल अगदी पडद्याला टेकवून. आता दिवसाही समोरचं थोडंच दिसतं, कांताबाई म्हणाली. पाठवणीचा शॉट लावलेला होता. पडद्यावर त्यांचा हात आला, वैशालीचा चेहरा विरघळला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "हे मी दुरुस्त करू शकते. आता नवीन सॉफ्टवेअर आलंय, चेहरा साफ करून देते."

"नोको, ताई." पडद्यावर चेहरा परत साफ झाला. मग म्हणाले, "इथी वैशू धुरकट होते नं, तवा मले दर खेपेस वाटते, झालं, गेले डोळे. आन मंग वैशू परत साफ दिसते. मंग समजते, हे तं तुमच्या कॅमेऱ्याचं हाये, माहं नाई."

त्यांनी रिमोट चाचपून घेतला आणि शॉट मागे नेला. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि माझी चूक पुन्हा एकदा पूर्ण पाहिली.